आंबोलीच्या हवेचं वजन

आंबोलीत एका गुंठ्यावर वर्षाकाठी सातशे टन पाणी पडतं. हिशोब सोपा आहे. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. पाऊस वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे उंचीने सात मीटर. गुणाकार करा, ७०७ घनमीटर. आणि पाण्याचा एक घनमीटर म्हणजे एक टन. हे पाणी वाहून न जाता जागच्या जागी उभं राहिलं असतं तर दुमजली घराची कौलं बुडाली असती. आणि यातलं जवळजवळ सगळं चार महिन्यांत पडतं.

हे पाणी येतं अरबी समुद्रातून, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वेंगुर्ल्याचा किनारा आंबोलीपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, आणि आंबोलीची उंची ६९० मीटर. आता समजा, गुंठ्याचे हे सातशे टन पंपाने वर चढवायचे ठरवले. पंपात काही वाया जात नाही असं धरलं तर वीज लागेल सुमारे १,३०० युनिट. एखाद्या घराचं सहा महिन्यांचं बिल. फार वाटत नाही. पण समुद्राचं पाणी आधी वाफ होऊन हवेत यायला हवं, आणि तिथे आकडा एकदम उसळतो. सातशे टन पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता विजेच्या हिशोबात पावणेपाच लाख युनिट होते. महिना दोनशे युनिट जाळणाऱ्या दोनशे घरांना वर्षभर पुरेल एवढी, आणि ती फक्त एका गुंठ्यासाठी. हे बिल सूर्य भरतो, म्हणून कुणाच्या दारात येत नाही.

मला मात्र मधल्या हमालाचं कौतुक आहे. वाफ झालेलं पाणी समुद्रावरून उचलून घाटमाथ्यावर आणते ती हवा. आपण हवेला मोजतच नाही. डबा रिकामा आहे म्हणतो तेव्हा तो हवेने भरलेला असतो. हवेला वजन आहे, आणि चांगलं दणदणीत वजन आहे, हे डोळ्यांना दाखवणारं यंत्र माणसाने बनवलं ते गरम हवेचा बलून. तेव्हा जानेवारीतल्या एका पहाटे आंबोलीच्या पठारावर असा एक बलून उभा करून पाहू. कागदावरच.

पर्यटकांना फिरवणारा मध्यम आकाराचा बलून घेऊ, ३,००० घनमीटरचा. तो भरला की पोटाचा व्यास अठरा मीटरच्या आसपास. कापड लागतं सुमारे हजार चौरस मीटर. नऊवारी लुगडी जोडत गेलात तर शंभर लागतील. पहाटेचं तापमान १५ अंश धरू. आंबोलीच्या उंचीवर अशा हवेचा एक घनमीटर १.१३ किलो भरतो. म्हणजे बलूनने जेवढी जागा व्यापली, तेवढ्या जागेतली थंड हवा ३,३८६ किलो. आता बर्नर लावून आतली हवा १०० अंशांपर्यंत तापवली की ती पसरते, काही खालच्या तोंडातून बाहेर पडते, आणि आत उरते २,६१५ किलो. दोन्हींतला फरक ७७१ किलो. बलून उचलू शकतो ते एवढंच.

या ७७१ किलोंतले चारेकशे किलो कापड, वेताची टोपली, बर्नर आणि गॅसच्या टाक्या यांतच जातात. उरलेल्यात एक वैमानिक आणि चार प्रवासी बसतात. पण खरी गंमत उरलेल्या आकड्यात आहे. अडीच टनांहून जास्त गरम हवा आतच आहे, आणि बलून तीही बरोबर घेऊन फिरतो. टोपलीतल्या पाच माणसांना वाटतं आपण हलकेफुलके तरंगतोय. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावर, कापडाच्या पिशवीत, त्यांच्या एकत्रित वजनाच्या सातपट हवा प्रवास करत असते. सगळं मिळून तीन टनांच्या वरचं धूड. म्हणूनच बलून पटकन थांबत नाही, पटकन वर जात नाही आणि पटकन खालीही येत नाही. वैमानिकाने आत्ता दिलेल्या ज्योतीचा परिणाम दिसायला थोडा वेळ जातो. तेवढा वेळ आधीच ओळखणं, हेच या धंद्यातलं कसब.

तापमानाचा हिशोब इतका काटेकोर आहे की आतली हवा १०० ऐवजी ९० अंशांवर ठेवली तर उचल ७० किलोंनी घटते. दहा अंश म्हणजे एक माणूस. आणि मालवणच्या किनाऱ्यावरून आंबोलीत आलं की हवा विरळ होते, उचल आठ टक्क्यांनी कमी होते. तिथेही एक माणूस उतरवावा लागेल असं वाटतं. पण आंबोलीची पहाट किनाऱ्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड असते, आणि बाहेरची हवा थंड असेल तितका बलून जास्त उचलतो. आकडे मांडले तर किनाऱ्यावर २० अंशांना ७७५ किलो आणि आंबोलीत १५ अंशांना ७७१. घाट चढून जे गमावलं ते थंडीने जवळजवळ पुरतं परत केलं. मला हा हिशोब फार आवडतो.

इंधनाकडे पाहिलं तर आणखी एक नवल. ही एवढी हवा पहिल्यांदा तापवायला सहा-सात किलो गॅस पुरतो, स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोंच्या सिलिंडरच्या निम्मासुद्धा नाही. मग तासाभराच्या फेरीत चाळीसेक किलो गॅस कुठे जातो? हजार चौरस मीटर पातळ नायलॉनमधून उष्णता सतत बाहेर झिरपत असते, ती भरून काढण्यात. सरासरी पाचशे किलोवॅटने शेगडी पेटवून ठेवायची, आणि जवळजवळ सगळी ऊब आभाळाला वाटून टाकायची. पाच माणसांना तासभर वर ठेवण्यासाठी याहून उधळा मार्ग शोधून सापडणार नाही. हेलिकॉप्टर सोडून.

पॅरिसमध्ये २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून उडाले, तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती. पंचवीस मिनिटं, नऊ किलोमीटर. तो बलून २,२०० घनमीटरच्या आसपासचा होता. कागद आणि कापड जाऊन नायलॉन आलं, जळत्या पेंढ्याऐवजी प्रोपेन आलं, पण दोन-पाच माणसं उचलायचा आकार अडीचशे वर्षांत तिथल्या तिथेच आहे. हवेचं वजन बदललं नाही, तर पिशवी लहान कशी होणार?

बलून आंबोलीवर तीनशे मीटर चढला की समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर. तिथून क्षितिज ११३ किलोमीटरवर जातं. नजरेच्या टापूत ४०,००० चौरस किलोमीटर येतात, आख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सात-आठ पट. त्यातला बराच भाग पाण्याचा. गंमत म्हणजे मालवण, पणजी आणि बेळगाव ही तिन्ही गावं इथून सरळ रेषेत पंचावन्न-साठ किलोमीटरवर आहेत. कोल्हापूर ८५ च्या आसपास. एसटीने जाणाऱ्याला ही अंतरं कधीच सारखी वाटत नाहीत, कारण घाटाची वळणं प्रत्येक दिशेला वेगळा कर घेतात. वर गेलं की कर माफ. धुरकट हवेत यातलं किती दिसेल हा प्रश्न वेगळा. जानेवारीत कोकणावर सकाळी धुक्याची दुलई असतेच.

पण आंबोलीतून उडणं हे कामशेतच्या माळावरून उडण्याइतकं सरळ नाही. लोणावळ्याच्या त्या बाजूला हंगामात बलूनच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथे खाली मावळातली मोकळी शेतं आहेत आणि जिथे उतराल तिथे जीप पोचते. आंबोलीचं पठार मात्र पश्चिमेला एकदम तुटतं. हिवाळ्यात पहाटे वारा बहुतेक पूर्वेकडचा. म्हणजे बलून कड्याच्या दिशेने जाणार, आणि कडा ओलांडला की पायाखालची जमीन थोड्याच किलोमीटरांत सहाशे मीटर खाली जाणार. बलून जागच्या उंचीवरच राहिला तरी टोपलीतला माणूस अचानक तीनशेऐवजी नऊशे मीटरवर लटकलेला. त्यात कड्यावरून खाली कोसळणारी हवा बलूनलाही खाली ओढू पाहते. खाली घनदाट रान. ताशी पंधरा किलोमीटर वाऱ्याने वेंगुर्ल्याचा समुद्र अडीच-पावणेतीन तासांवर, आणि गॅस तासा-दीड तासाचा. म्हणजे उतरायचं मध्येच, सावंतवाडी तालुक्यात, काजू-आंब्याच्या बागा आणि विजेच्या तारा चुकवून, भात कापून मोकळ्या झालेल्या एखाद्या कुणग्यात. त्यात कुळीथ पेरलेला असेल तर मालकाची समजूत घालण्याचं कामही वैमानिकाकडेच.

पर्यटकांच्या बलूनची मजल एवढीच. पण महाराष्ट्राच्या आकाशात एकदा गरम हवेचा बलून असा गेला आहे की त्याच्यापुढे वरचे सगळे आकडे खेळण्यातले वाटतात. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून उडाले आणि २१,०२७ मीटर उंचीवर गेले. गरम हवेच्या बलूनने गाठलेल्या उंचीचा तो जागतिक विक्रम. आधीचा विक्रम पेर लिंडस्ट्रँड यांचा, १९८८ सालचा, १९,८११ मीटर. सिंघानिया तेव्हा ६७ वर्षांचे होते. उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळ पांचाळे गावी.

एकवीस हजार मीटर म्हणजे एकावर एक तीस आंबोल्या. विमानं उडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे हवा समुद्रसपाटीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी विरळ, तापमान उणे पंचावन्नच्या आसपास. उघड्या टोपलीतला माणूस तिथे शुद्धीवर राहणार नाही. म्हणून ते हवाबंद कुपीत बसले होते. बलून ब्रिस्टलच्या कॅमेरॉन कंपनीचा, सोळा लाख घनफुटांचा, म्हणजे आपल्या आंबोलीच्या बलूनसारखे पंधरा. आतली हवा १०० अंशांची धरली तर हा राक्षस जमिनीवर साडेबारा टन उचलू शकतो. तोच, तितकाच तापलेला, २१ किलोमीटरवर दीड टनही उचलत नाही. वर जाता जाता अकरा टनांची ताकद विरून जाते, कारण धक्का देणारी हवाच शिल्लक नसते. गरम हवेच्या बलूनला अवकाशाच्या दिशेने छप्पर आहे आणि सिंघानिया त्या छपराला डोकं टेकवून आले, असं म्हणायला हरकत नाही.

त्या उंचीवरून क्षितिज ५१८ किलोमीटरवर असतं. घेर आठ लाख चौरस किलोमीटरांच्या वर, पावणेतीन महाराष्ट्र मावतील एवढा. मुंबईहून आंबोली हवाई अंतराने ३६० किलोमीटर, सिन्नरहून सव्वाचारशे. म्हणजे त्या सकाळी, भूमितीच्या हिशोबाने, आंबोलीचा घाटमाथाही त्यांच्या टापूत होता.

याहून उंच गेलेले बलूनही मराठी गावांनी पाहिले आहेत, पण त्यांत माणूस नसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले बलून वैज्ञानिक उपकरणं घेऊन ३० ते ४२ किलोमीटर वर जातात. पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे. पंच्याऐंशी मीटरचा गोळा धरला तर आत तीन लाख वीस हजार घनमीटर. आपले शंभराहून अधिक बलून त्यात बसतील. गंमत अशी की उडताना तो भरलेला नसतोच. चाळीस किलोमीटरवर हवा जमिनीवरच्या तीनशेव्या हिश्श्याइतकी उरते, म्हणून वर जाऊन तीनशे पट फुगण्याची जागा त्याला आधीच ठेवावी लागते. जमिनीवर वरच्या टोकाला गॅसचा एक फुगवटा, खाली लोंबकळणारं प्लास्टिक. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, आणि ती हैदराबाद-सोलापूरच्या पट्ट्यात कुठल्याही शेतात उतरू शकतात. पेटी सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा, अशा सूचना उड्डाणांच्या आधी वर्तमानपत्रांत छापून येतात.

आता आंबोलीत परत, पण जुलैत.

पावसाळी हवेबद्दल आपला एक पक्का गैरसमज आहे. दमट हवा जड असते असं अंगाला वाटतं. प्रत्यक्षात ती हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका. १८ विरुद्ध २९. पावसाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या हवेत किलोमागे वीसेक ग्रॅम वाफ असते. तेवढ्याने ती साडेतीन अंश जास्त तापल्यासारखी हलकी होते. बलूनवाला गॅस जाळून जे करतो, त्याची सुरुवात समुद्राने न जाळता करून दिलेली असते.

मग ही हवा घाटाच्या भिंतीला येऊन भिडते. मागून रेटा चालूच. बाजूला जायला जागा नाही. ती वर चढते. कावळेसादच्या कड्यावर हे उघड दिसतं. दरीत पडणारा धबधबा वाऱ्याने उलटा वर येतो आणि कठड्याशी उभ्या असलेल्यांना भिजवतो. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चारेक मीटर वेगाने पडतो, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटरने. ते परत वर येतात म्हणजे कड्याला लागून चढणारी हवा त्याहून वेगाने चढत असणार. बलून जोर लावून चढतो तो सेकंदाला पाचेक मीटर. लोक तिथे हलक्या वस्तू फेकून त्या परत येताना पाहायची मजा घेतात. वेफर्सची पाकिटं आणि बाटल्याही फेकतात; त्या सगळ्या परत येत नाहीत, दरीतच राहतात.

या चढणाऱ्या हवेचं वजन करून पाहू. घाटाच्या कडेचा एकच किलोमीटर घ्या. त्यावर येणारा हवेचा थर एक किलोमीटर जाडीचा आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला दहा मीटर. आषाढात हे काही फार धरलं असं नाही. सेकंदाला एक कोटी घनमीटर हवा झाली. वजन अकरा हजार टन. एका सेकंदाला. आपला बलून तासभर गॅस जाळून सव्वातीन टन हवेशी झटत होता. इथे एका सेकंदात असे तीन हजारांहून अधिक बलून चढतात, कापडाशिवाय.

त्या अकरा हजार टनांत वाफ दोनशे टनांच्या वर. आधीच ओथंबलेली हवा सातशे मीटर चढली की तीन अंशांच्या आसपास गार होते आणि किलोमागे पावणेदोन ग्रॅम वाफ सोडून देते. म्हणजे सेकंदाला अठरा-एकोणीस टन पाणी. हा आकडा मला आधी अवास्तव वाटला, म्हणून उलटा तपासून पाहिला: हे पाणी घाटमाथ्यापासून आत दहा किलोमीटरांत पसरून पडतं असं धरलं, तर दिवसाला १६० मिलिमीटर पाऊस होतो. जुलैतल्या आंबोलीत असा दिवस गेला तर कुणी छत्रीपलीकडे त्याची दखल घेत नाही. हिशोब जुळला.

वाफेचं पाणी होतं तेव्हा ती पावणेपाच लाख युनिटवाली उष्णता परत मिळते, आणि ती हवेलाच मिळते. सेकंदाला अठरा-एकोणीस टनांच्या हिशोबाने हा झाला सत्तेचाळीस हजार मेगावॅटच्या घरातला बर्नर. कोयनेची सगळी वीजघरं एकत्र धरली तर १,९६० मेगावॅट. आंबोलीच्या कड्याच्या एका किलोमीटरवर, जोराच्या पावसात, चोवीस कोयना चालू असतात. ही ऊब हवेला आणखी वर ढकलते, म्हणून ढग घाटाच्या उंचीवर थांबत नाहीत. कितीतरी वर चढत जातात.

आणि एवढ्या सगळ्या उलाढालीत ढगात पाणी असतं ते किती? दाट ढगाच्या घनमीटरमागे अर्धा ग्रॅम. आपल्या ३,००० घनमीटरच्या बलूनभर ढग पकडला तर दीड लिटर पाणी निघेल. पण एक घन किलोमीटर ढग म्हटला की पाचशे टन. ते डोक्यावर कोसळत नाही, कारण थेंब इतके बारीक असतात की सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली येतात, आणि ज्या हवेत ते तरंगतात तिचं वजन अकरा लाख टन असतं. दोन हजारांत एक भाग पाणी, बाकी हवा. आंबोलीच्या बाजारात समोरचं दुकान दिसेनासं होतं ते या दोन हजारांतल्या एका भागामुळे.

अशा दिवशी बलून वर नेण्याचा विचारही कुणी करणार नाही. पर्यटकांच्या बलूनला वारा चालतो तो ताशी पंधरा-अठरा किलोमीटरपर्यंत. वरच्या हिशोबात धरलेला सेकंदाला दहा मीटर म्हणजे ताशी छत्तीस, आणि आंबोलीकर त्याला अजून जोराचा वारा म्हणत नाहीत.